आठवड्यात चौदा दीर्घ श्वास: एका कथालेखिकेच्या बर्नआउटचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका मैत्रिणीचं आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि तिला वाचायला देऊन मगच टाकतेय. मी काही मानसतज्ज्ञ नाही, माझं क्वालिफिकेशन एवढंच की गेली बारा-तेरा वर्षं ती जे काही लिहिते ते सगळ्यात आधी मी वाचते, म्हणजे ती कशी बिघडत गेली (तिचं लिखाण म्हणायचंय मला, पण शेवटी शेवटी दोन्ही एकच झालं होतं) ते मी पानापानावर बघितलंय आणि तरी वेळेवर ओळखलं नाही. लिहायचं तेही एक कारण.

तर आधीची स्थिती अशी. तिच्या दोन कादंबऱ्या झालेल्या, प्रत्येकीला साधारण तीन वर्षं लागलेली, प्रत्येकी सत्तर हजार शब्दांच्या आसपास. बऱ्यापैकी वाचल्या गेल्या, पण त्यावर पोट भरत नव्हतं. मग एका ॲपकडून मालिका लिहायची ऑफर आली, आठवड्याला पाच भाग, प्रत्येक भाग साधारण बाराशे शब्द, दर महिन्याला ठरलेले पैसे आणि वाचक वाढले तर वर थोडे. तिने नोकरी सोडली आणि उडी मारली. आता हा हिशोब बघा, आठवड्याला सहा हजार शब्द म्हणजे जी कादंबरी ती तीन वर्षांत लिहायची तेवढा मजकूर आता बारा आठवड्यांत. हे गणित आम्ही दोघींनी तेव्हाच केलं होतं आणि खूप हसलो होतो, कारण पहिले पाच महिने खरंच भारी चालले होते. ती खुश होती. वाचकांच्या कमेंट यायच्या, पात्रांवर लोक भांडायचे, तिला पहिल्यांदाच वाटत होतं की आपलं लिहिलेलं आजच्या आज कोणीतरी वाचतंय.

पुढे काय बिघडलं ते मला पहिल्यांदा जाणवलं आठव्या महिन्यात, आणि ते पण भलत्याच ठिकाणी. तिच्या गोष्टीतल्या माणसांना हातच राहिले नव्हते.

म्हणजे कसं, तिची आधीची माणसं सतत काहीतरी करत असायची. कोणी बोलता बोलता शर्टाचं बटण लावायचं, कोणी कुलपाशी झटापट करायचं, आणि त्या करण्यातूनच तुम्हाला कळायचं की हा खोटं बोलतोय. आता सगळे नुसते समोरासमोर उभे राहून बोलत होते. संवाद पटापट होतात, बाराशे शब्द लवकर भरतात, समजण्यासारखं आहे. आणि मधल्या जागा भरायला तीच ती वाक्यं, नजर वळवली, क्षणभर शांतता पसरली, तिने दीर्घ श्वास घेतला. एका आठवड्याच्या पाच भागांत मी दीर्घ श्वास मोजले, चौदा निघाले. मी तिला चेष्टेत म्हटलं की तुझ्या हिरोला दम्याचा डॉक्टर बघ, ती हसली, आणि पुढच्या आठवड्यात दीर्घ श्वास गायब झाले पण त्यांच्या जागी 'उसासा' आला. खरं तर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी चेष्टा करत बसले.

दहाव्या महिन्यात, दोनशेदहाव्या भागाच्या आसपास, साठाव्या भागात वारलेल्या मावशीचा फोन आला. वाचकांनी लगेच पकडलं, खूप हशा झाला, तिने दुरुस्त केलं. चूक कोणाच्याही हातून होते, पण मला टोचलं ते वेगळंच. फोनवर सांगताना ती त्या मावशीचं नाव घेत नव्हती. 'ती मावशी', 'तो हिरो', 'ती सासू', असं चाललेलं. कच्च्या फाइलमध्ये पण नावं गेलेली, नायक, नायिका, खलनायिका अशी टायपून शेवटी एकदम नावं बदलून टाकायची, वेळ वाचतो म्हणे. वर एकदा म्हणाली, "मला ना हे सगळे लोक एका बसमध्ये घालून दरीत ढकलावेसे वाटतात." आम्ही परत हसलो!

यावर मी नंतर वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बर्नआउट हा शब्द या अर्थाने चालू झाला 1974 मध्ये, न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञाने मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांबद्दल लिहिताना तो वापरला. पुढे मानसतज्ज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याच्या तीन बाजू मांडल्या, एक म्हणजे आतून रिकामं होणं, दुसरी म्हणजे ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांबद्दल कोरडं, तुसडं होत जाणं, आणि तिसरी, आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. नर्सच्या बाबतीत दुसरी बाजू पेशंटवर निघते, 'अमुक नंबरच्या खाटेवरचा' असं बोलणं सुरू होतं. कथा लिहिणाऱ्याकडे पेशंट कुठे असतात? माझं मत असं झालंय की ती बाजू पात्रांवर निघते. नावं जातात, नुसत्या भूमिका उरतात. हे कुठल्या संशोधनात वाचलेलं नाही, हे माझं या एका केसवरून बनलेलं मत आहे, पण तुमच्या ओळखीचं कोणी लिहीत असेल आणि आपल्याच पात्राला 'तो हिरो' म्हणायला लागलं तर लक्ष ठेवा एवढंच सांगेन.

अकराव्या महिन्यात तिचं वाचन बंद पडलं. दुसऱ्याची कादंबरी उघडली की तिला फक्त सांगाडा दिसायचा, हा इथे वाचकाला अडकवायला हुक टाकला, हा इथे मागचा भाग भरतोय, आणि मिटून ठेवायची. तेराव्या महिन्यापर्यंत सकाळी फाइल उघडली की छाती धडधडायची, फोन वाजला की दचकायची, झोप तुटकी. पण भाग मात्र एकही चुकला नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण सगळे म्हणत होते की तिला रायटर्स ब्लॉक आलाय. मी पण म्हणत होते. ब्लॉक म्हणजे लिहायचंय पण सुचत नाही, उतरत नाही. तिचं अगदी उलटं होतं, उतरत होतं धो धो, सकाळी दहाला बसली की एकपर्यंत बाराशे शब्द पडायचेच, फक्त त्यातला एकही तिला हवा नव्हता.

या चुकीच्या नावामुळे इलाज पण चुकीचे झाले. आणि ते जरा सविस्तर सांगते कारण बहुतेक लोक हेच करतात.

पहिला इलाज सुट्टी. दोन आठवड्यांची. आता मालिका तर थांबू शकत नाही, म्हणून सुट्टी घेण्यासाठी तिने आधी दहा भाग जास्तीचे लिहून ठेवले, म्हणजे तीन आठवडे नेहमीच्या दीडपटीहून जास्त काम करून मग ती दोन आठवडे नुसती आडवी पडून होती. परत आली आणि तिसऱ्या दिवशी जैसे थे. लोक म्हणाले, बघ सुट्टीने पण काही झालं नाही म्हणजे तुझं काहीतरी सीरियस आहे. अरे, पण सुट्टी झालीच कुठे, ती तर ॲडव्हान्समध्ये कामाने विकत घेतलेली! 1926 मध्ये ग्रॅहम वॉलस या अभ्यासकाने सर्जनशील कामाचे टप्पे सांगितले होते, त्यात तयारी झाल्यावर विषय डोक्यात मुरत ठेवायचा असा एक टप्पा आहे, आणि त्यावरूनच सगळे सांगतात की थोडं लांब जा, आपोआप सुचेल. पण मुरायला आधी आत काहीतरी साठलेलं लागतं. ही रोजचं साठलेलं रोज खर्च करत होती, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

दुसरा इलाज शिस्त. कोणीतरी तिला अँथनी ट्रोलॉपचं उदाहरण दिलं, तो ब्रिटिश कादंबरीकार, पोस्टखात्यात नोकरी करून रोज पहाटे लिहायचा, घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. हिने पण टायमर लावला आणि तीन दिवस रडत लिहिलं. नंतर आम्ही त्याच्याबद्दल नीट वाचलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या ज्या कोणी सांगत नाही. एक, तो पहिला अर्धा तास नवीन काही लिहायचाच नाही, आदल्या दिवशीचं वाचायचा, आणि वाक्य कानाला कसं लागतंय ते बघायचा. दुसरी म्हणजे ते अडीचशे त्याने स्वतःवर स्वतः लावून घेतलेले होते. दुसऱ्याने लावलेल्या घड्याळावर शिस्तीचा डोस म्हणजे जखमेवर मीठच.

तिसरा इलाज डॉक्टर, आणि हा मात्र योग्य होता, फक्त उशिरा झाला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 सगळं तपासलं, ठीक निघालं. मग डिप्रेशन आहे का ते बघायला मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी बरंच विचारलं, आणि त्यातून पुढे आलं की भाचीशी खेळताना ती अजून मनापासून हसते, कुंड्यांमधल्या झाडांचं सगळं करते, फाइल सोडून बाकी आयुष्याचा रंग गेलेला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की आत्ता तरी हे कामाशी बांधलेलं आहे, पण झोप अशीच राहिली किंवा बाकीच्या गोष्टींतला रस पण जायला लागला तर लगेच परत या. जागतिक आरोग्य संघटनेने पण 2019 मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी स्थिती म्हटलंय, आणि तो शब्द कामापुरताच वापरा असंही सांगितलंय. दोन्ही एकमेकांत मिसळू शकतात म्हणून घरच्या घरी ठरवू नये, हे माझं आगाऊ मत. तिला तर 'तू आजारी नाहीस, तुझी कामाची मांडणी आजारी आहे' असं ऐकूनच निम्मं बरं वाटलं.

मग आम्ही एका रविवारी बसलो आणि ती मांडणी तपासली. मॅस्लॅक आणि मायकेल लाइटर यांनी सहा जागा सांगितल्यात जिथे माणूस आणि काम यांचं जुळत नाही, कामाचा बोजा, ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. मला वाटलेलं बोजावरच सगळा दोष जाणार. तिने बोजासमोर बरोबर केलं खरं पण म्हणाली, "पहिले पाच महिने पण इतकंच होतं गं." मग ताबा या शब्दापाशी थांबली ती बराच वेळ.

झालं असं होतं. मालिकेत एक म्हातारी होती, शिवणकाम करणारी, जिची नजर हळूहळू जातेय आणि ती घरात कोणाला कळू देत नाहीये. गोष्टीच्या मुख्य धाग्याशी तिचा तसा संबंध नव्हता, पण ही अख्खी मालिका तिने सुरू केली होती त्या म्हातारीसाठी. एकशेचाळिसाव्या भागाच्या सुमारास संपादकीय टीमकडून मेसेज आला की ग्राफ बघता म्हातारीच्या भागांवर वाचक गळतायत, तो ट्रॅक बंद करा. कोणी वाईट बोललं नव्हतं, अगदी प्रेमाने सांगितलेलं. तिने दोन भागांत म्हातारीला मुलाकडे राहायला पाठवून दिलं आणि विषय संपला. मला तर तेव्हा सांगितलं पण नाही.

त्या रविवारी आम्ही जुन्या फाइली उघडल्या. हात गायब व्हायला सुरुवात कुठे होते ते शोधत मागे मागे गेलो. एकशेपन्नासच्या आसपास. म्हातारी गेल्यानंतर दोन आठवडे.

आता यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, सहा-सात महिन्यांचा थकवा पण तोपर्यंत साठलाच असणार. पण मला एवढं पटलं की म्हातारीनंतर प्रत्येक वाक्य लिहिताना 'हे खरं आहे का' याच्या जागी 'इथे ग्राफ पडेल का' हा प्रश्न आला, आणि बाराशे शब्दांत तो प्रश्न शंभर वेळा विचारायचा म्हणजे दमणारच माणूस. 1973 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा. ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. काही दिवसांनी बघितलं तर ही मुलं मोकळ्या वेळात चित्रांपाशी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ घालवत होती. गंमत म्हणजे ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांच्यावर असा परिणाम झाला नाही. म्हणून मला वाटतं दोष तिच्या मानधनाचा नाही, ते महिन्यातून एकदा यायचं. तो ग्राफ रोज सकाळी यायचा.

आणि हुक. यावर मी अख्खा वेगळा लेख लिहू शकेन. प्रत्येक भाग उत्सुकतेवर तोडायचा हा नियम होता, दार वाजतं, पाकीट उघडतं, कोणीतरी म्हणतं "तू?" आणि संपला भाग. पाकिटात काय आहे हे तिलाही माहीत नसायचं. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेचा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो, की पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवशीचं थांबा, म्हणजे उद्या अडणार नाही. हिचं बरोब्बर उलटं, रोज रात्री वाचकाला उद्याचं वचन देऊन झोपायचं आणि सकाळी उठून ते कर्ज फेडायचं, फेडण्यासाठी परत नवीन कर्ज. अशी तीनशे कर्जं. छाती धडधडेल नाही तर काय.

यातून बाहेर येणं एकदम झालं नाही. आधी तिने टीमशी बोलून आठवड्याला पाचाचे तीन भाग करून घेतले, पैसे अर्थातच कमी झाले, आणि मालिका दहा आठवड्यांत संपवायची तारीख ठरवून घेतली. हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही, तिच्याकडे थोडी बचत होती आणि कमी पैशात वर्षभर निभेल एवढा हिशोब आम्ही आधी केला होता. तारीख ठरली त्याच आठवड्यात तिला सलग सहा तास झोप लागली. आकडे दिसणारं ॲप फोनमधून काढलं, कमेंट मी वाचायचे आणि फक्त चुका सांगायचे, मेलेली मावशी वगैरे. स्तुतीसुद्धा सांगायची नाही असं तिनेच बजावलेलं. मला ते जास्तीचं वाटलेलं, पण बरोबर होतं तिचं.

मालिका संपल्यावर चार महिने कथा बंद. लिहिणं बंद नाही, कथा बंद. एक वही घेतली, रोज पाच ओळी, त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलेल्या एका गोष्टीबद्दल. नियम तिने स्वतः केले, 'जणू' आणि 'जसं काही' लिहायचं नाही, कोणाच्या मनात काय चाललं असेल ते लिहायचं नाही, आणि या वहीतलं काहीही कधीही गोष्टीत वापरायचं नाही. शेवटच्या नियमावर मी वाद घातला, की एवढं चांगलं निरीक्षण वाया का घालवतेस, तर ती म्हणाली की वापरायचं ठरवलं की मी बघायच्या आधीच विकायला लागते. पहिले काही आठवडे त्या ओळी अगदी रुक्ष होत्या, हजेरीपटासारख्या. दुसऱ्या महिन्यात एकदा तिने मला एक ओळ वाचून दाखवली, एक माणूस बंद छत्री दोन्ही हातांनी कशी धरून उभा होता त्याबद्दल. मी काही बोलले नाही, पण मला ते हात दिसले.

वाचन परत यायला जास्त वेळ लागला. नवीन काही नको, आधी वाचलेलीच पुस्तकं, मधलंच कुठलंतरी पान उघडून, कंटाळा आला की सोडून. सांगाडा दिसायचा पूर्ण थांबलेला नाही अजून.

मधे एकदा घसरली पण. सातव्या महिन्यात एका दिवशी उत्साहात चार हजार शब्द लिहिले, मला रात्री अकराला फोन, मी बरी झाले म्हणून. पुढचा अख्खा आठवडा पडून. तेव्हापासून तिने वरची मर्यादा लावलीये, चाळीस मिनिटं, रंगात असली तरी उठायचं. खालची मर्यादा नाहीये. शून्य शब्द झाले तरी तो दिवस भरला असं धरायचं. मला विचाराल तर बाकी सगळ्यापेक्षा या एका नियमाने जास्त काम केलं, कारण त्यात हेमिंग्वेचा सल्ला आपोआप येतो, रंगात उठलं की पुढचं माहीत असतंच.

आज मालिका संपून अकरा महिने झालेत. म्हातारीवर ती परत लिहितेय, हाताने, वहीत, कुठलाही प्रसंग कधीही, क्रम नाही. बावीस हजारच्या आसपास शब्द झालेत असं म्हणते, मोजलेले नाहीत. मला वाचायला दिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदाच असं झालंय आणि मला थोडं लागलंय ते. पूर्ण होईल की नाही तिला माहीत नाही, पैशांसाठी तिने सध्या अर्धवेळ मुद्रितशोधन घेतलंय, आणि परत मालिका लिहिशील का विचारलं तर म्हणते लिहीन, पण शेवट मला माहीत असेल तरच.

परवा दुपारी तिचा फोन आला. नमस्कार चमत्कार काही नाही, डायरेक्ट प्रश्न, "चष्मा न लावता सुईत दोरा ओवायला किती वेळ लागतो गं?" मी म्हटलं मला काय माहीत. "थांब," म्हणाली, आणि फोन कुठेतरी ठेवून दिला. खण उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मधेच एकदा ती स्वतःशी चिडून काहीतरी पुटपुटली. सात-आठ मिनिटं मी तशीच फोन कानाला लावून बसले होते, ती परत आलीच नाही, मग मी ठेवून दिला.